इतक्या गुणांना मेडिकल मिळेल का?

दरवर्षी जूनमध्ये भोपाळच्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास फिरतो. तो न्यू मार्केटच्या भाजीवाल्यापाशी भेटतो, अरेरा कॉलनीतल्या लग्नाच्या पंगतीत भेटतो आणि आम्हांला तर ऑफिसात टेबलापाशीही भेटतो. "इतक्या गुणांना मेडिकल मिळेल का हो? आणि मिळालं तर भोपाळ की रीवा?" विचारणारा बहुधा मुलाचा बाप असतो. आईने हा हिशेब आधीच तीन वेळा केलेला असतो आणि तिला उत्तर ठाऊक असते. वडिलांना मात्र ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे असते.

आम्ही डॉक्टर नाही, कोचिंगवालेही नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेले साधे कर्मचारी. पण या गावात चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक मराठी माणसाने हा हिशेब आपल्या घरात किंवा शेजारच्या घरात पाहिलेला आहे. सत्तर वर्षांत प्रश्न तोच राहिला आणि उत्तर काढायची रीत मात्र पुन्हापुन्हा बदलली. ज्यांनी जुन्या रीतीने नव्या वर्षाचे उत्तर काढले त्यांची फसगत झाली. त्या बदलांची ही हकिगत.

आपल्यापैकी बऱ्याच घराण्यांचे भोपाळातले पहिले पाऊल १९५६ सालचे. १ नोव्हेंबरला नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला आली. नागपूरच्या सचिवालयातून फायली आल्या, त्यांच्याबरोबर कारकून, हेडक्लार्क आणि त्यांची बिऱ्हाडे आली. ग्वाल्हेर-इंदूरकडून मध्य भारत सरकारची मंडळी आली. राज्याच्या या फेरवाटणीत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि त्यांच्याबरोबर १९४७ साली निघालेले नागपूरचे मेडिकल कॉलेजही गेले. ज्यांची मोठी मुले तिथे शिकत होती त्यांचे निभावले. धाकट्यांसाठी मात्र नागपूर एका रात्रीत परराज्य झाले.

नव्या राज्याच्या वाट्याला चार कॉलेजे आली. ग्वाल्हेरचे गजराराजा मेडिकल कॉलेज १९४६ चे. इंदूरचे महात्मा गांधी स्मारक कॉलेज १९४८ चे, पण त्याची मुळे १८७८ च्या मेडिकल स्कुलापर्यंत जातात. शिंदे आणि होळकर यांच्या संस्थानांतली ही दोन, त्यामुळे आपल्या लोकांना तिथे परके वाटत नसे. जबलपूरचे १९५५ चे. आणि आपले गांधी मेडिकल कॉलेजही १९५५ चेच. तेव्हा भोपाळ हे स्वतंत्र, छोटेसे राज्य होते, शंकरदयाळ शर्मा मुख्यमंत्री होते आणि कॉलेजची कोनशिला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली. पुढे १९६३ मध्ये रीवा आणि रायपूर ही दोन आणखी निघाली. त्यानंतर शतक संपेपर्यंत राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांचा आकडा सहावरच अडला. लोकसंख्या वाढली, शाळा वाढल्या, बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले कितीतरी पटींनी वाढली, पण कॉलेजे सहाच राहिली. हिशेबातली पहिली गोची इथे आहे, आणि तिचा मुलाच्या हुशारीशी काही संबंध नाही.

सुरुवातीच्या काळात इंटर सायन्सचे, नाहीतर त्या बरोबरीच्या परीक्षेचे गुण पाहत. उत्तर सोपे होते. फर्स्ट क्लास असला, विज्ञानाच्या विषयांत बरे गुण असले की वडील म्हणत, "अर्ज टाक." अडचण वेगळीच निघाली. सागर विद्यापीठ १९४६ चे. मागून जबलपूर आणि उज्जैनचे विक्रम आले आणि १९६४ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर, रायपूर अशी तीन विद्यापीठे एकदम उभी राहिली. प्रत्येकाचे पेपर वेगळे, तपासनीस वेगळे, हात सैल-आखडता वेगळा. एकीकडचे पासष्ट टक्के आणि दुसरीकडचे पासष्ट टक्के एकाच तराजूत कसे घालायचे? घरातले दोन चुलतभाऊ, एक ग्वाल्हेरला आणि एक सागरला शिकलेला, सारख्याच अभ्यासाचे, तरी एकाला प्रवेश आणि दुसऱ्याला नाही, असे होणे साहजिक होते. गुणपत्रिकेवरचा आकडा हा त्या विद्यापीठाच्या बोलीत लिहिलेला असतो आणि ती बोली बाहेरच्याला वाचता येत नाही.

त्यावर तोडगा म्हणून राज्य सरकारने १९७० मध्ये प्री-मेडिकल टेस्ट बोर्ड स्थापन केले. एक पेपर, एक दिवस, एक यादी. देशातल्या पुष्कळ राज्यांच्या आधी आपल्याकडे ही व्यवस्था आली, हे आज कुणाला सांगितले तर खरे वाटत नाही. १९८१ मध्ये इंजिनिअरिंगसाठी तसेच बोर्ड निघाले, १९८२ मध्ये दोन्ही एकत्र करून व्यावसायिक परीक्षा मंडळ झाले. चिनार पार्कजवळचे तेच ते व्यापमं. त्याच्या नावाने पुढे काय काय ऐकावे लागले ते सर्वांना ठाऊक आहे, पण निदान सुरुवातीची कल्पना न्यायाची होती हे नोंदवले पाहिजे.

पीएमटीने हिशेबाची भाषाच बदलली. आता गुण कुणी विचारीना, नंबर विचारू लागले. "कितवा आला?" त्या काळच्या घरांत वर्तमानपत्राची कात्रणे जपलेली असत. रोल नंबरांचे बारीक रकाने आणि कडेला निळ्या शाईने लिहिलेले, गेल्या साली भोपाळ कुठे थांबले, ग्वाल्हेर कुठे, रीवा कुठे. एखाद्या काकांकडे पाच-पाच वर्षांची अशी वही असे आणि गल्लीतली मंडळी पंचांग पाहायला जावे तशी त्यांच्याकडे जात. आमच्या मते या वहीवाल्या काकांनी तेव्हा जे केले तेच आजचे कोचिंगवाले पैसे घेऊन करतात. गेल्या वर्षीचा शेवटचा नंबर पाहा, यंदा जागा किती वाढल्या-घटल्या ते पाहा आणि थोडे अंतर सोडून बोला. काकांचा अंदाज फारसा चुकत नसे, कारण कॉलेजे तीच होती, जागा जवळपास त्याच होत्या आणि यादीवर विश्वास होता.

नंबर लागणे आणि पात्र असणे यांत फरक असतो. १९८१ साली आपल्याच राज्याचे एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, त्यात हा फरक स्पष्ट झाला. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी पीएमटीतल्या किमान गुणांची अट शासनाने सैल केली होती. हायकोर्टाने ते अमान्य केले, सुप्रीम कोर्टाने शासनाचा निर्णय उचलून धरला. कोर्टाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की मेडिकल शिकण्याची पात्रता आधीच्या परीक्षेने ठरते. प्रवेश परीक्षा त्या पात्र मुलांतून निवड करण्यासाठी असते. या निकालावर आपल्या घरांत तेव्हा कडाडून वाद झाले, अजूनही होतात, आणि त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. पण चाळण आणि मोजपट्टी या दोन निराळ्या वस्तू आहेत, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. चाळणीतून खाली राहिलेला मुलगा मोजपट्टीवर आखूड असतोच असे नाही.

आम्ही स्वतः बारावीला बसलो ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. वर्गातले निम्मे जीवशास्त्रवाले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त पीएमटी. बारावीच्या गुणांना किंमत राहिलेली नव्हती. ठरावीक टक्के पडले की झाले. याच्या नेमके उलटे तेव्हा महाराष्ट्रात होते. तिथे नव्वदच्या दशकात बराच काळ बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीच्या गुणांवरच मेडिकलचा प्रवेश होई. पुण्याची मावशी आपल्या लेकीचे पंच्याण्णव टक्के सांगे आणि इकडची बहीण आपल्या मुलाचे बहात्तर टक्के सांगायला लाजे. पीएमटीत तोच मुलगा वर असला तरी पुण्याच्या मावशीला त्याचा अर्थ कळत नसे. दोन्ही घरे मराठी, पण गुणांची भाषा वेगवेगळी.

महाराष्ट्राचे नाव निघालेच आहे, तर रहिवासाचे लिहिले पाहिजे. आपल्याकडच्या एखाद्या मुलाचा इथे नंबर थोडक्यात हुकला की घरातले वडीलधारी म्हणतात, "अरे, मग नागपूरला बघ की! आपलंच आहे." आपले आहे खरे, पण फक्त जेवायला. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून प्रवेश हवा तर तिथला रहिवासी दाखला लागतो आणि दहावी-बारावीही तिथूनच झालेली लागते. आडनाव, घरची बोली, कुलदैवत यांपैकी काहीच त्या फॉर्मवर भरायला जागा नाही. इथे आपण मूल निवासी प्रमाणपत्रवाले. पन्नास-साठ वर्षे या शहरात राहून कधीकधी आपल्याला वाटते की आपण दोन्हीकडचे आहोत. मेडिकलचा फॉर्म मात्र एकच राज्य मानतो. नोकरीमुळे दोन राज्यांत फिरतीवर असलेल्या पालकांनी हे मूल नववीत असतानाच ठरवावे. अकरावीत शाळा बदलून एक मुलगा दोन्ही राज्यांच्या कोट्यांबाहेर पडल्याचे आम्ही जवळून पाहिले आहे.

परराज्यात जायची एक खिडकी सुप्रीम कोर्टाच्या निर्णयांमुळे उघडली. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा देशभरच्या मुलांसाठी ठेवायच्या ठरल्या आणि १९८८ पासून त्यासाठी सीबीएसईची वेगळी परीक्षा सुरू झाली. त्या काळात मुले एका उन्हाळ्यात चार-चार परीक्षा देत आणि वडील रजा टाकून बरोबर जात. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळे झाले आणि रायपूरचे कॉलेज तिकडे गेले. सहाची पाच झाली. तिकडची मुलेही तिकडे गेली हे खरे, पण वह्यांमधले सगळे जुने नंबर त्या वर्षी एकदम रद्दीत निघाले.

आता व्यापमंकडे यावे लागेल. लिहायला हात धजत नाही, पण भोपाळचा हा इतिहास त्यावाचून पुरा होत नाही.

जुलै २०१३ मध्ये इंदूर पोलिसांनी दुसऱ्याच्या नावावर पीएमटी द्यायला आलेल्या तरुणांना पकडले. मग धागा उलगडत गेला. कुणी आपल्या जागी दुसरा बसवला होता. कुणाच्या उत्तरपत्रिकेचे गोल कोरे ठेवून नंतर भरले होते. आणि एक प्रकार असा, की त्याचे नावच लोकांच्या तोंडी बसले. हुशार मुलाचा रोल नंबर पुढे आणि पैसेवाल्याचा बरोबर त्याच्या मागे, म्हणजे इंजिन आणि बोगी. तपास आधी एसटीएफकडे होता, तो जुलै २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सीबीआयकडे दिला. २००८ ते २०१२ या पाच वर्षांत असा प्रवेश घेतलेल्या ६३४ जणांचे प्रकरण सुप्रीम कोर्टात आले तेव्हा २०१६ मध्ये दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. एकांचे म्हणणे होते की शिक्षण पुरे होऊ द्यावे आणि मोबदल्यात सैन्यदलात सेवा करून घ्यावी. अखेर १३ फेब्रुवारी २०१७ ला तिघा न्यायमूर्तींच्या पीठाने सर्व प्रवेश रद्दच ठरवले.

या आकड्याकडे आम्ही हिशेबनिसाच्या नजरेने पाहतो. ६३४ भागिले पाच, म्हणजे वर्षाला सव्वाशेच्या वर. त्या काळी एका सरकारी कॉलेजची एका वर्षाची बॅच साधारण तेवढीच होती. याचा अर्थ असा, की त्या पाच वर्षांत दरवर्षी जवळपास एक अख्खे कॉलेज यादीतून गायब होते आणि बाहेरून कुणाला कळत नव्हते. एखाद्या मुलीचा खरा नंबर जिथे बसायला हवा होता तिथून तो शंभरभर जागा मागे सरकला असेल. तिच्या वडिलांनी काकांची वही काढून तिला सांगितले असेल, "तुझाच अभ्यास कमी पडला." तिने एक वर्ष ड्रॉप घेतला असेल, मग बीएस्सीला गेली असेल. ६३४ प्रवेश रद्द झाले, पण त्या जागा तिला आणि तिच्यासारख्यांना परत मिळाल्या नाहीत, मिळणे शक्यही नव्हते. ज्यांच्या घरी २००८ ते २०१२ मधला असा थोडक्यात हुकलेला नंबर आहे, त्यांनी आपल्या मुलाला किंवा मुलीला हे गणित एकदा शांतपणे समजावून सांगावे. आता ती तिशी ओलांडलेली आहेत. तरी सांगावे.

मंडळाचे नाव पुढे बदलले. आज तिथे कर्मचारी चयन मंडळाची पाटी आहे.

यानंतर नीट आली. २०१३ मध्ये ती पहिल्यांदा झाली, त्याच जुलैमध्ये कोर्टाने रद्द केली, २०१६ मध्ये कोर्टानेच परत आणली. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक. राज्याची यादी आता या एकाच परीक्षेवरून लागते. ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के देशाच्या.

लोकांनी पीएमटीच्या काळात नंबर विचारायची लावून घेतलेली चांगली सवय मात्र नीटच्या काळात मोडली. पुन्हा गुण विचारू लागले. "साडेसहाशे आले, आता चिंता नाही ना?" या प्रश्नाचे उत्तर वर्ष सांगितल्याशिवाय देताच येत नाही. २०२४ मध्ये ६५० च्या वर गुण घेणारी मुले ३० हजारांहून अधिक होती. पहिल्या निकालात तर ६७ जणांना पैकीच्या पैकी होते आणि वाढीव गुण काढल्यावर व एका प्रश्नाचे उत्तर बदलल्यावर ते १७ राहिले. २०२५ मध्ये पेपर असा काही कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण ६८६ आणि ६५० च्या वर अवघी ७३ मुले. तोच साडेसहाशेचा आकडा. एका वर्षी तो घेऊन मुलगा हजारोंच्या गर्दीत मागे उभा, दुसऱ्या वर्षी त्याच आकड्यावर देशातले जवळपास कुठलेही कॉलेज त्याच्यापुढे हात जोडून उभे. त्या निकालाच्या दिवशी पाचशेचाळीसवर रडणाऱ्या मुलांना आधीच्या वर्षीच्या तक्त्याने रडवले, असे आम्हांला वाटते.

दुसरा घोळ 'क्वालिफाय' या शब्दाचा. २०२५ मध्ये खुल्या गटाला १४४ गुणांवर क्वालिफाय म्हटले होते. नातेवाईक पेढे मागतात. अहो, क्वालिफाय १२ लाखांवर झाले होते आणि देशभरच्या एमबीबीएसच्या जागा, खासगी धरून, सव्वा लाखाच्या आसपास होत्या.

२०२५ मध्ये ४ मेला इंदूर-उज्जैनला वादळ आले आणि काही केंद्रांवर वीज गेली. मुलांनी अंधुक उजेडात पेपर सोडवले. हायकोर्टात एका न्यायमूर्तींनी त्या मुलांची परीक्षा पुन्हा घ्या म्हटले, दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश रद्द केला. एका तासाच्या अंधाराचे किती गुण, हे कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

आपल्यातल्या काहींची नातवंडे अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडून तिथली रीत कळते. तिथे कॉलेजातली सरासरी श्रेणी आणि एमकॅट नावाची परीक्षा, दोन्ही पाहतात. ही परीक्षा १९२८ पासूनची, आणि तिचे मूळ कारण असे की भरती झालेली बरीच मुले मधेच शिक्षण सोडून जात. तिथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना एक तक्ता छापते. आडव्या ओळीत एक, उभ्या ओळीत दुसरे, आणि चौकटीत आकडा की अशा मुलांपैकी किती टक्क्यांना प्रवेश मिळाला. आम्हांला त्यातली सर्वांत वरची चौकट फार बोलकी वाटली. दोन्हींत अव्वल असलेल्यांपैकी साधारण पाचात चौघांना मिळाला, पाचव्याला नाही. आपल्याकडे नंबर लागला की जागा नक्की, मुलाखत नाही, ओळख नाही. या एका बाबतीत आमचे मत आपल्या रीतीच्या बाजूने आहे. नंबर खरा असेल तर.

मग आज कुणी विचारले तर आम्ही काय सांगतो? गुण सांगू नका, राज्याचा रँक सांगा आणि गट सांगा. पहिल्या राउंडचा कटऑफ पाहून हातपाय गाळू नका, शेवटच्या राउंडचा पाहा, कारण मुले देशाच्या कोट्यात किंवा एम्सला निघून गेली की यादी बरीच खाली सरकते. आणि कॉलेजे मोजा. २००९ मध्ये सागरचे निघाले. २०१८-१९ मध्ये विदिशा, दतिया, रतलाम, खंडवा, शहडोल, शिवपुरी, छिंदवाडा, आणि २०२४ मध्ये सिवनी, नीमच, मंदसौर. काकांच्या वहीत हे एकही नाव नव्हते. सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी २०२३ पासून राज्याने वेगळ्या ५ टक्के जागा ठेवल्या आहेत, तेही पालक विसरतात. आपल्या घरांत अजून "भोपाळ किंवा इंदूर, नाहीतर ड्रॉप" असे बोलले जाते. शहडोलला पोरीला कसे पाठवायचे म्हणतात. आपले आजोबा नागपूर सोडून या तलावाकाठी आले तेव्हा त्यांच्या आईनेही बहुधा हेच म्हटले असेल.

ही स्मरणिका तुमच्या हाती पडेल तेव्हा काउन्सेलिंगचे राउंड सुरूच असतील. ज्यांच्या घरी यंदा मूल आहे त्यांनी शेवटच्या राउंडचे राज्य रँक कॉलेजवार उतरवून ठेवावेत, पुढच्या वर्षी शेजाऱ्याला उपयोगी पडतील. आणि ज्यांच्या कपाटात पीएमटीच्या जुन्या याद्यांची कात्रणे किंवा अशी एखादी वही अजून असेल, त्यांनी ती आरतीच्या वेळी मंडळाच्या टेबलावर द्यावी. झेरॉक्स काढून मूळ प्रत त्याच संध्याकाळी परत करू.